गोळ्यांची रांग

ज्या वर्षी लेक दायमीला समुद्रापलीकडे टॅम्पात मुलगा झाला आणि ओनेलियाने आपला पहिला नातू फोनच्या काचेत, तोही आडवा पाहिला, त्याच वर्षी सिएनफुएगोसमधल्या तिच्या घराचं दार बंद राहू लागलं.

दार बंद केलं एसीने. आईचे उन्हाळ्यातले हाल बघवेनात म्हणून मुलीने तो पाठवला. एसी लावला की दारंखिडक्या लावाव्या लागतात, नाहीतर सगळा गारवा गल्लीला फुकट. आमच्या गल्लीत बंद दाराचा अर्थ एकच, आत असं काहीतरी आहे जे दुसऱ्याला द्यायचं नाही. शेजारीण निदिया आयुष्यभर मीठ न्यायला आणि चुगल्या द्यायला त्या घरात शिरत आली होती. तिने दोनदा दार वाजवलं. एसीच्या घरघरीत आत ऐकू गेलं नाही. "राणीसाहेब निजल्यात," म्हणत ती जी गेली ती गेलीच.

मग दायमीने दुसरी सोय केली. ती तिकडे फोनवर बोट दाबायची आणि इकडे मोटरसायकलवाला कोंबडी, तेल, कॉफी दारात ठेवून पसार व्हायचा. ओनेलियाची सगळी हयात रांगेत गेलेली. पावाची रांग, अंड्यांची रांग, साबणाची रांग. नवराही बुटांच्या रांगेत भेटलेला. "माझा नंबर आला तेव्हा बूट संपले होते, उरला होता हा," असं ती त्याच्या तोंडावर सांगायची, तो होता तोवर. आता रांगा सुटल्या. वीज गेली की तेवढ्यापुरतं तरी दार उघडायचं, तर दायमीने एक भलीथोरली बॅटरी पाठवली. बाईची पाचही बोटं तुपात.

बघता बघता ओनेलिया आडवी झाली.

दुखत कुठेच नव्हतं, फक्त उठवत नव्हतं. केस विंचरायचे ते कोणासाठी? आणि एकट्या माणसापुरती कॉफी कशी करतात हे तिला येतच नव्हतं. दिवसभर फोन छातीवर. त्यात अनोळखी बायका नाचायच्या, मांजरं कपाटावरून पडायची आणि एक दातपांढरा तरुण रोज सांगायचा की सुख आपल्या आतच असतं. त्याला ती एक शिवी हासडायची. पुढे पुढे तीही बंद झाली. दायमीला काळजी वाटली म्हणून तिने आपोआप फिरणारा झाडू पाठवला. त्या घरात हिंडतंफिरतं म्हणावं असं तेवढंच एक.

निदियाला पत्ता लागला तो कचऱ्यावरून. ओनेलियाच्या बादलीत कोंबडी होती, पिशवीसुद्धा न फोडलेली.

"कोंबडी टाकली म्हणजे बाई जाणार," असं म्हणून तिने खिडकीची काच बडवली, दार उघडायला लावलं आणि कोपऱ्यावरची डॉक्टरीण ओढत आणली. डॉक्टरीण पोरसवदा होती, पण जिभेने पिकलेली.

"अंघोळ कधी केली होती, मावशी?"

"तू काय पोलीस आहेस?"

"पोलिसाने दारातूनच पळ काढला असता. मला बसावं लागतंय."

तिने नाडी पाहिली, डोळे पाहिले, झोपेबद्दल, भुकेबद्दल, रडण्याबद्दल विचारलं. मग नीट बसून म्हणाली, "याला नैराश्य म्हणतात. हा आळस नाही, पापाची शिक्षा नाही आणि तुमचा दोषही नाही. गोळ्या लिहून देते. आज दुकानात नाहीत. मंगळवारी गाडी येते, म्हणजे येते असं म्हणतात. रांगेत तुम्ही स्वतः जायचं. निदियाबाईंना पाठवायचं नाही."

फोनवर दायमी कडाडली. "आई, उन्हात उभी राहिलीस तर बघ. गोळ्या मी इथून पाठवते." पण तिकडून लोकांचं सामान घेऊन येणारी बाई महिन्याभराने निघणार होती. मंगळवारी निदियाने ओनेलियाला दंडाला धरून रस्त्यावर काढलं.

दुकानापुढे माणसं जिथे सावली तिथे विखुरली होती. आमची रांग उभी नसते, डोक्यात असते. आल्यावर विचारायचं, चेहरा लक्षात ठेवायचा आणि कुठेही टेकायचं.

"शेवटचं कोण?" ओनेलियाचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा निघाला.

"मी," डोक्याला केस कुरळे करायच्या नळ्या लावलेल्या एका बाईने हात वर केला.

झालं, नंबर लागला. आता घरी जाऊन पडावं, असं ओनेलियाच्या मनात आलं. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "शेवटचं कोण?" तिला हात वर करावा लागला. विचारणारा एवेलियो, बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर.

"तुम्ही होय? जरा तोंड इकडे करा. आता दिवसभर हाच चेहरा सांभाळायचाय मला."

"सांभाळा. मी घरी चालले."

"मग मी कोणाच्या मागे? तुम्ही गेलात तर मी हवेच्या मागे, माझ्यामागचा माझ्यामागे, म्हणजे अर्धं गाव हवेच्या मागे."

"मला बरं वाटत नाहीये."

"औषधाच्या रांगेत बरं वाटणारा एक माणूस दाखवा. त्याला पुढे सोडतो."

ओनेलिया पायरीवर बसली. गाडी आली नाही. पुढच्या मंगळवारीही आली नाही, पण एक बाई मध्येच घुसली. ओनेलियाने तिचं कूळ, तिची चप्पल आणि तिच्या आईचं लग्न एका दमात काढलं. घसा बसला. घरी येऊन तिने भात शिजवला, दोनदा वाढून घेतला आणि झालेलं भांडण निदियाला सांगायचं म्हणून दार उघडं टाकलं. एसी बंद करावाच लागला, त्याच्या घरघरीत गोष्टीची मजा जात होती.

आणि मग टॅम्पाहून पुडकं आलं. वर्षभर पुरतील एवढ्या गोळ्या.

"आता रांगेचं नाव काढायचं नाही," दायमी म्हणाली. "शपथ घे."

ओनेलियाने घेतली. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. फोन पुन्हा छातीवर आला, तो दातपांढरा पुन्हा हसू लागला, आणि तिला कधी नव्हे ती खाटेची भीती वाटली. आता ही आपल्याला सोडत नाही, असं वाटलं. मंगळवारी तिने गोळी घेतली, केस विंचरले, शपथ मोडली आणि दुकान गाठलं.

"गोळ्या आल्या म्हणे तुझ्या," एवेलियो म्हणाला. एव्हाना दोघं अगं-अरेवर आली होती. "मग इथे काय ठेवलंय?"

"तुझी कटकट. ती तिकडून पाठवता येत नाही."

पण नळ्यावाली उसळली. "जिला गरज नाही तिने जागा अडवायची? माझ्या आईला रक्तदाबाची गोळी मिळत नाहीये."

बोलणं खरं होतं. एवेलियोसुद्धा बुटांकडे बघू लागला. ओनेलियाचे पाय घराकडे वळले. मग ती थांबली.

"मला जागा नको," ती म्हणाली. "मला शेवटची धरा. कोणी आला की मी त्याच्या मागे. दुकानाच्या खिडकीपर्यंत जायचंच नाही मला."

"असली कसली रांग?" नळ्यावालीने विचारलं.

"फुकटची. तुझं काय जातंय?"

असं ते ठरलं. तेव्हापासून जो येईल तो विचारायचा, "शेवटचं कोण?" आणि ओनेलिया हात वर करायची, कोणता आजार, कोणती सून, एवढं विचारून घ्यायची, आणि त्याच्या मागे सरकायची. गोळ्याही नेमाने घ्यायची. डॉक्टरीण म्हणाली, गोळी आणि रांग दोन्ही चालू ठेवा, भांडणं तेवढी कमी करा. दोन गोष्टी तिने ऐकल्या. दायमीला कळायचं ते कळलं. ती आठवडाभर बोलली नाही, मग स्वतःच फोन करून नळ्यावालीच्या आईचं कसं आहे ते विचारू लागली.

ओनेलिया २०२५ सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, रविवारी दुपारी जेवण झाल्यावर हृदय बंद पडून वारली. ती एकोणसत्तर वर्षांची होती.