खवल्यांवरचा कोट

आमच्या बाबांना सगळे पेंटर म्हणतात. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली, आणि छापील पाट्या आल्यावर ते मासे रंगवायला लागले. खरे नव्हे, लाकडी. बोटाएवढे, पोटाखाली गळ अडकवलेले, पाण्यातून ओढले की डोलत पोहणारे आणि मोठ्या माशाला चकवणारे. काही स्वतः कोरलेले असायचे, काही लोकांनी आणून दिलेले, टवके उडालेले. ते घासायचे, नव्याने रंगवायचे आणि शेवटी वरून पारदर्शक कोट चढवायचे, म्हणजे खडकावर आपटलं किंवा माशाने दात मारले तरी खालचा रंग शाबूत राहील.

या कोटापायी त्यांनी घरात नुसता उच्छाद मांडला होता. रेझिन आणि हार्डनर अशा दोन बाटल्या. दोन्हींतलं सारखं घ्यायचं, बुडबुडे येऊ नयेत म्हणून सावकाश ढवळायचं, ब्रशने लावायचं आणि मासा मोटरवर लटकवायचा. मोटर मोडक्या मायक्रोवेव्हमधली, आतली काचेची ताटली फिरवणारी. तिच्यावर मासा गोल गोल फिरत राहायचा, नाहीतर सगळं रेझिन ओघळून पोटाशी जमतं. तो सुकेपर्यंत खोलीत झाडू मारायचा नाही, पंखा लावायचा नाही, आणि मी केस विंचरायचे नाहीत. एकदा माझा एक केस एका माशात कायमचा अडकला. मासा घ्यायला आलेल्या माणसाला बाबांनी बिनदिक्कत सांगितलं, "मिशी आहे ती."

मी पार्लरमध्ये बायकांची नखं रंगवते. खाली एक थर, मधे रंग, वर टॉपकोट. तेव्हा कोटातलं आपल्याला कळतं, बाबांचं सगळं उगाच अवडंबर आहे, अशी माझी पक्की समजूत होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

बाबांचा डावा डोळा आधीच गेला होता. सगळा कारभार उजव्यावर चालला होता, आणि तोही फार काळ साथ देणार नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मग बाबांनी विश्रांती घेतली का? छे. एक नवा मासा कोरायला घेतला. एरवी ते जाळीचा तुकडा ताणून वरून रंग फवारायचे, खवले आपोआप उमटायचे. या वेळी म्हणाले, "हाताने काढणार. हा शेवटचा." थंडीभर खिडकीत बसून, भिंग जवळजवळ नाकाला लावून, बारीक टोकाच्या मार्करने त्यांनी एकेक खवला काढला. डोक्याकडून सुरुवात केली आणि शेपटीपर्यंत पोचले, आणि त्याच आठवड्यात उजवा डोळाही गेला. आता त्यांना खिडकी कुठे आहे ते कळतं, समोर कोणी उभं आहे हे कळतं. कोण आहे ते आवाजावरून.

त्यामुळे त्या माशाला कोट चढवायचं काम माझ्याकडे आलं.

"नीट ऐक," बाबा म्हणाले. "मार्करवर थेट काही लावायचं नाही. आधी पाण्यातलं पातळ वार्निश, दोन हात. ते पूर्ण वाळू दे. मगच रेझिन."

"बाबा, मी रोज हेच करते. फक्त माझे मासे बोलतात."

"म्हणूनच पुन्हा सांगतोय."

वार्निशची बाटली उघडली तर आत नुसती साय. दुकान काही लांब नव्हतं. पण सुट्टीचा दिवस होता, ऊन रणरणत होतं, आणि माझ्या पर्समध्ये पार्लरचा टॉपकोट होता. चटकन वाळणारा, चकचकीत. मनात म्हटलं, कोट तो कोट. डोक्याजवळून ब्रश ओढला आणि ब्रशबरोबर खवलेही निघाले. काळी शाई हिरव्यात उतरली, हिरवा रंग सुरकुतला. आणि मग मी जे केलं ते नखं रंगवणारीच करू जाणे. रंग पसरला की आमचा हात आपोआप रिमूव्हरच्या बोळ्याकडे जातो. माझाही गेला. तो बोळा मी बाबांच्या माशावरून फिरवला. दुसऱ्या बाजूलाही थेंब ओघळला होता, तीही पुसली. भानावर आले तेव्हा खालचा पांढरा अस्तराचा रंग दिसत होता.

बाबा शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. दोन पावलं टाकून आत जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. मी गेले नाही. रेझिन मोजलं, सावकाश ढवळलं, एक बुडबुडा येऊ दिला नाही. ब्रशने लावलं, मासा मोटरवर चढवला आणि फिरवत ठेवला. जन्मात कधी नव्हे इतकं नियमाने काम केलं. नासलेल्या चित्रावर मी काच बसवत होते, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

मासा वाळल्यावर बाबांनी हातात घेतला. अंगठा डोक्यापासून शेपटीपर्यंत नेला, परत आणला. गालाला लावून बघितला.

"कुठे थेंब नाही, ओघळ नाही," ते म्हणाले. "अगं, मलासुद्धा इतका साधला नसता. शिकलीस की."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी "हं" म्हटलं आणि भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी ते पोटात ठेवलं असतं. पण बाबा तो मासा, अजून गळ न लावलेला, शर्टाच्या खिशात घालून हिंडायला लागले. औषधवाल्याला दाखवला. न्हाव्याला दाखवला. जिन्यात भेटेल त्याला थांबवून दाखवला. "खवले बघा," म्हणायचे. "शेवटचे आहेत. आणि कोट मुलीने दिलाय." लोक मासा बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. माझा चेहरा बघून काय समजायचं ते समजायचे आणि म्हणायचे, "वा पेंटर, कमाल!" न्हाव्याने तर हद्द केली. म्हणाला, "खवले मोजून घ्यावेत इतके स्वच्छ." बाबांचा ऊर भरून आला. आणि मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते. मला त्या न्हाव्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण खोटं बोलण्याची वेळ त्याच्यावर मीच आणली होती. रोज वाटायचं, आज सांगू. रोज एक नवा माणूस "वा" म्हणायचा आणि सांगणं आणखी अवघड होऊन बसायचं.

त्यात तळ्यावरचा रविवार जवळ आला. गळ टाकणारी मंडळी वर्षातून एकदा तळ्यावर जमतात. तिथे एका टेबलावर प्रत्येक जण आपल्या हातचा मासा मांडतो, आणि गावोगावचे लोक तो उचलून, उलटून बघतात. तिथे कोणी माझा चेहरा बघून बोलणार नव्हतं. बाबा आठवडाभर आधीपासून शर्ट कुठला घालायचा ते विचारत होते.

बाबांचे जुने दोस्त ड्रायव्हरकाका. बस चालवून निवृत्त झालेले, बाबांबरोबर गळ टाकण्यात केस पांढरे झालेले. त्यांनीही मासा बघून "वा" केलं होतं, पण मला एकटीला जिन्यात गाठलं.

"काय करून ठेवलंस गं हे?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं.

"बरं, रडू नको. झाकली मूठ राहू दे," काका म्हणाले. "मांडण्याआधी त्याला तळ्यात एकदा पोहवून बघू म्हणतो मी. पेंटर नाही म्हणायचा नाही. मी फेकतो, आणि दोरी कापून टाकतो. सुटला म्हणायचं, गेला तळाशी. तो दोन दिवस हळहळेल, पण लाज तरी जाणार नाही."

"त्यांना कळलं तर?"

"कसं कळणार? त्याला दिसतंय कुठे?"

हे वाक्य ऐकून मला काकांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण गेले कित्येक दिवस मी दुसरं काय करत होते? मी म्हटलं, "चालेल." आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली, हेही लिहून टाकते.

रविवारी आम्ही सगळ्यांच्या आधी तळ्यावर पोचलो. टेबलं अजून मांडत होते. काका म्हणाले, "पेंटर, एकदा पोहवून बघू. डोलतो का नाही ते कळू दे." बाबांना लहान पोरासारखा आनंद झाला. काकांनी मासा मागितला, पण बाबांनी दिला नाही. काकांच्या दांडीवरच्या दोरीचं टोक मागून घेतलं. टोक ओलं केलं, माशाच्या तोंडाशी बसवलेल्या कडीतून ओवलं, वेढे दिले, टोक परत ओढून घेतलं. बोटं अजिबात चाचपडली नाहीत. शेवटी गाठ आवळली आणि हिसका देऊन बघितली.

"आता एवढं एकच राहिलंय मला," ते म्हणाले. "गाठ. हिला डोळे लागत नाहीत. माझी गाठ आजवर सुटलेली नाही. काय रे?"

"नाही सुटली," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या दुसऱ्या हाताच्या मुठीत ब्लेड होतं.

मासा सुटला म्हणायचं, म्हणजे गाठ सुटली म्हणायचं. चित्र तर मी घालवलंच होतं. आता त्यांची गाठही घालवणार होते, आणि ते उरलेलं आयुष्य आपल्याच बोटांना दोष देत बसणार होते. 

"काका, थांबा," मी म्हटलं. "बाबा, त्या माशावर खवले नाहीत."

काकांनी दांडी खाली घेतली. बाबा आवाजाच्या दिशेने वळले.

मी सगळं सांगितलं. साय धरलेली बाटली, ऊन, टॉपकोट, बोळा. रेझिन का चढवलं तेही. ब्लेडचं सांगितलं तेव्हा काका पाण्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता बाबा ओरडतील. पाट्या रंगवायचे तेव्हा एक अक्षर वाकडं गेलं तर मदतनिसाला सोलून काढायचे. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी हळू विचारलं, "हे त्याच दिवशी झालं?"

"हो."

"म्हणजे औषधवाल्याने बघितला तो असाच?"

"हो."

"आणि न्हावी? तो तर मोजून घ्यावेत म्हणाला."

"त्यानेही असाच बघितला."

"रंग गेला त्याचं मी बघून घेतलं असतं," बाबा म्हणाले. "घासला असता, जाळी लावून फवारायला तुला शिकवलं असतं. पण मी चार लोकांत छाती काढून फिरलो आणि तू मला फिरू दिलंस. ते सगळे घरी जाऊन काय म्हणाले असतील? बिचारा. मला कोणी बिचारा म्हटलेलं नव्हतं गं अजून."

"अरे पेंटर, लोकांनी प्रेमापोटीच..." काकांनी सुरुवात केली.

"तू गप्प बस. तू चांगले दोन्ही डोळे उघडे ठेवून वा म्हणालास."

 मागे कोणीतरी टेबलावर चादर अंथरत होतं, लोक येऊ लागले होते. मी म्हटलं, "बाबा, घरी जाऊ या." माफी मागायची होती, पण शब्द इतका लहान वाटला की तोंडातून फुटेना.

बाबा काठावरच्या दगडावर बसले. दोरी चाचपत मासा शोधला आणि माझ्यापुढे धरला.

"बस इथे. सांग, कसा दिसतोय."

"बाबा, नको ना."

"आयुष्यभर लोकांच्या चुका झालेल्या पाट्या दुरुस्त केल्यात मी. ऐकून मरत नाही. डोक्यापासून सांग. खोटं सांगायचं नाही."

मी मासा हातात घेतला. सांगितलं, तोंड ठीक आहे. डोळा शाबूत आहे. कल्ल्यामागचा लाल ठिपका पसरून गुलाबी डाग झालाय. तिथून पुढे हिरवं आणि काळं एकात एक मिसळलंय, चिखलासारखं. मधे पांढरं अस्तर उघडं पडलंय, बोळ्याच्या रेघा दिसतायत. प्रत्येक वाक्याला ते "पुढे" म्हणत होते.

"शेपटीपाशी थोडे खवले राहिलेत," मी म्हटलं.

"किती?"

मी मासा डोळ्यांजवळ नेला. "अकरा."

"कसे आहेत?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग मी उन्हाकडे तोंड करून नीट बघितलं. प्रत्येक खवल्याच्या आत, वरच्या कडेला, केसाहून बारीक पांढरी रेघ होती, उजेड पडल्यासारखी. मागच्या काही रेघा थरथरलेल्या होत्या. सगळ्यात शेवटची खवल्याच्या बाहेरच पडली होती.

"प्रत्येकात एक पांढरी रेघ आहे," मी म्हटलं. "शेवटच्या हलल्यात."

"सगळ्यांत होती," बाबा म्हणाले. "थंडीभर तुझ्यासमोरच काढत होतो. आत्ता बघितलीस होय?"

"हो," मी म्हटलं. "आत्ता."

त्यांनी मान हलवली. मी डोळे पुसले, मासा उलटा केला आणि दुसरी बाजू सांगायला लागले.