उफराटीची गिटार

जाहिरात जेमतेम तीन ओळींची होती. डाव्या हाताच्या तीन गिटारी विकायच्या आहेत. वाजवणाऱ्याला पहिला मान. दुकानदारांनी नंतर बोलावं. खाली एक हललेला फोटो, त्यात सोफ्यावर तीन गिटारी पाहुण्यांसारख्या ओळीने बसलेल्या.

उफराटीने तो फोटो जेवणाच्या सुट्टीत पाहिला आणि डबा तसाच उघडा राहिला. ती एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. अठरा वर्षं मेण, प्लास्टर आणि कानशी यांच्यात गेली होती. कुणाच्या तोंडात काय बसेल आणि काय टोचेल, हे तिला केसभराच्या फरकाने कळायचं. उफराटी हे नाव थोरल्या भावाने, म्हणजे दादाने ठेवलेलं, कारण ती लिहिण्यापासून कुलूप उघडण्यापर्यंत सगळं डाव्या हाताने करायची. ते नाव घरात असं काही चिकटलं की खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं.

गिटारीचं वेड लागलं ते वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि गिटार होती दादाची. अर्थातच उजव्या हाताची. "वाजव हवं तर, पण तारा हलवल्यास तर याद राख," एवढं बजावून दादा कामावर जायचा. तिने त्याच्या शब्दाला मान दिला. तारांची अदलाबदल केली नाही, गिटारच उलटी धरली. जाड तार वर असायची ती खाली गेली, बारीक वर आली, आणि कुठल्याही पुस्तकात नसलेली बोटांची ठेवण तिने आपली आपण शोधून काढली. आज ती एकेचाळीस वर्षांची होती आणि अजून तशीच वाजवत होती.

फक्त एक अडचण होती. तिने स्वतः बांधलेली एक धून होती. ती चढत चढत गिटारीच्या मानेच्या टोकाशी, अंगाजवळ जायची आणि तिथे अडायची. वरच्या सुरांपर्यंत हात पोहोचावा म्हणून काही गिटारींच्या अंगाला एक खाच असते. दादाच्या गिटारीलाही होती, पण उलटी धरल्यावर ती खाच नको त्या बाजूला यायची आणि तिचा हात लाकडावर आपटायचा. धुनेचा शेवट बावीस वर्षं तिच्या डोक्यातच होता. एकदा, फक्त एकदा, तो हाताने वाजवायचा होता. डाव्या हाताची गिटार नवी घ्यावी तर दुकानवाले मागवून देऊ म्हणायचे, आणि ते मागवणं कधी पुरं व्हायचं नाही.

तिने विक्रेत्याला निरोप पाठवला. उत्तर लगेच आलं. किंमत नाही, पत्ता नाही. 'उजव्या हाताच्या बोटांचा फोटो पाठवा. चेहऱ्याचा नको.'

दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे कपाळात गेले. "हा माणूस ठीक आहे ना? मी येतो बरोबर."

"अरे, डाव्या हाताने वाजवणाऱ्याची उजवी बोटं तारा दाबतात. त्यांना घट्टे पडतात. खोटं गिऱ्हाईक त्याला लगेच कळत असेल."

"तरी मी येतो."

तिने घट्ट्यांचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'रविवारी तीनला या. पाचला एक दुकानदार तिन्ही उचलायला येणार आहे.'

विक्रेता चौथ्या मजल्यावर राहायचा. निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. त्या इमारतीची लिफ्ट इतकी मऊ चालली की आपण पोहोचलो हे दार उघडल्यावर कळलं. काका सत्तरीपुढचे, सडपातळ, बोलणं मोजकं. त्यांनी आधी तिचा उजवा हात मागितला आणि बोटांची टोकं अंगठ्याने दाबून पाहिली. त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताचे सांधे सुजून वाकडे झाले होते. गिटारी का विकायच्या, हे विचारायची कुणालाच गरज पडली नाही.

"बसा. वाजवा."

तिने मधली उचलली. नायलॉनच्या तारांची, मधाच्या रंगाची. खाच बरोबर खालच्या बाजूला, हात थेट आत जाईल अशी. मांडीवर घेताच ती अशी बसली की उफराटीला हसू आवरेना. मग तिने नेहमीच्या जागी बोटं दाबून डावा हात तारांवरून फिरवला.

जो आवाज निघाला त्याला आवाज म्हणणंही जास्त होतं. तिने पुन्हा बोटं लावली. पुन्हा तेच. दादाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

 बावीस वर्षं या गिटारीची वाट पाहिली आणि एवढी साधी गोष्ट एकदाही डोक्यात आली नाही. डाव्या हाताच्या गिटारीला जाड तार वरच असते, जशी असायला हवी तशी. तिच्या बोटांना मात्र ती खाली लागत होती. जगाने तिच्यासाठी सरळ करून ठेवलेली गिटार तिला वाजवता येत नव्हती.

काकांनी शांतपणे गिटार तिच्या हातातून काढून घेतली. "घट्टे खरे आहेत," ते म्हणाले. "पण तुम्हाला वाजवता येत नाही. वाईट मानू नका, मी दुकानदाराला देतो. तो निदान वाजवतो असं सांगत तरी नाही."

 उत्तर दिलं ते दादाने, आणि उफराटीने त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"काका, चूक माझी आहे. गिटार माझी होती. तारा हलवू नकोस असा दम मीच दिला होता, म्हणून ही उलटी धरून शिकली. तारा खालच्या वर, वरच्या खाली." तो क्षणभर थांबला. "आणि मी स्वतः तीन महिन्यांत ती सोडून दिली होती. मला काही फरक पडला नसता. तारा बदल म्हणायला हवं होतं. आजवर बोललो नाही कधी."

उफराटीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

"मग वाजवून दाखवा उजव्या हाताच्या गिटारीवर," काका म्हणाले. "पण ती माझ्याकडे नाही. या घरात उजव्या हाताचं काही नाही. कात्रीसुद्धा."

"यावरच दाखवते," ती म्हणाली. "तारा उलट्या चढवते."

काकांनी नकारार्थी मान हलवली. तारा जिथून खुंट्यांकडे वळतात, तिथल्या हाडाच्या पट्टीवर त्यांनी वाकडं बोट ठेवलं. "इथे प्रत्येक तारेच्या मापाची खाच आहे. बारीक तार रुंद खाचेत हलत राहील, जाड तार अरुंद खाचेत बसणार नाही. नवी पट्टी घडवायला कारागीर आठवडा लावतो. दुकानदार पाचला येतोय."

"कोरी पट्टी आहे?"

"कोरी आहे. कारागीर नाही."

"मी दात बनवते, काका," उफराटी म्हणाली.

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा आल्यापासून पहिल्यांदाच. "ठीक आहे. पण जुनी पट्टी फुटली तर गिटार ना तुमच्या कामाची, ना माझ्या," ते म्हणाले आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

आत कामाचं टेबल होतं. ती बसली आणि हात लांब करण्याआधीच थबकली. दिव्याचा उजेड उजवीकडून येत होता, त्यामुळे तिच्या हाताची सावली कामावर पडत नव्हती. कानशी डावीकडे मापाने लावलेल्या. काम घट्ट पकडून ठेवणाऱ्या शेगड्याची मूठही डावीकडे. अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या सोयीच्या टेबलावर अंग वाकडं करून काम करत आली होती, आणि सरळ बसणं काय असतं हे तिला आज कळलं.

मग तिने वेळ दवडला नाही. तारा सैल करून सोडल्या, जुनी पट्टी हलक्या हाताने ठोकून अख्खी बाहेर काढली आणि बाजूला ठेवली. कोरं हाड शेगड्यात धरलं. हाड म्हणजे तिच्या रोजच्या सामानाच्या जवळचंच, खऱ्या दातापेक्षा जरा मऊ. जाड तारेची खाच खाली, बारीक तारेची वर. एक फेरा कानशीचा, एक फुंकर, तार बसवून बघायची, पुन्हा अर्धा फेरा. काका आधी पाठीमागे उभे राहिले, मग स्टूल ओढून बसले, मग न विचारता पुढची कानस हातात द्यायला लागले.

"तारा जुन्याच ठेवा," ते म्हणाले. "ताणून बसलेल्या आहेत. नव्या सुरात राहणार नाहीत."

"आणि खाली तारा अडकतात त्या पुलावरची पट्टी?"

"नायलॉनवाली आहे, ती सरळच असते. बाकी दोघींची तिरकी आहे, तारा उलटल्या की सूर बिघडले असते. तुम्ही बरोबर उचललीत."

"दिसायला आवडली म्हणून उचलली," तिने खरं ते सांगून टाकलं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना घंटी वाजली. दुकानदार आला, रुमालाने मान पुसत. दादाने त्याला सोफ्यावर उरलेल्या दोन गिटारींशेजारी बसवलं आणि पाणी दिलं. जणू घर त्याचंच होतं.

"तिसरी कुठे आहे?"

"दवाखान्यात," दादा म्हणाला.

सव्वापाचला उफराटी गिटार घेऊन बाहेर आली. तिच्या बाहीवर हाडाची पांढरी भुकटी होती. दुकानदाराने तारांकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्या उलट्या का? अशी कोण घेणार?"

 तिने बसून सूर लावले, एकदा, दोनदा, तारा सरकल्या म्हणून तिसऱ्यांदा. मग बोटं नेहमीच्या जागी ठेवली आणि डावा हात फिरवला. यावेळी खोली भरून गेली. सगळ्या तारा जागच्या जागी, एकही झणझणत नव्हती. काकांचा श्वास ऐकू आला.

तिने धून सुरू केली. सुरुवात दादाच्या ओळखीची होती. भिंतीपलीकडून ती ऐकून त्याने कित्येकदा उशी डोक्यावर घेतली होती. आज तो दाराला टेकून उभा राहिला आणि जागचा हलला नाही. धून चढली, मानेच्या टोकाशी आली. तिचा हात सवयीने थांबला, लाकूड लागेल म्हणून. लाकूड लागलं नाही. हात खाचेत उतरला आणि पुढे जायला जागाच जागा होती. पहिला सूर चुकला. तिने तो तसाच सोडून दुसरा घेतला, तो बरोबर लागला, त्यानंतरचाही, आणि मग शेवटापर्यंतचे सगळे. बावीस वर्षं डोक्यात ऐकलेलं तिने कानाने ऐकलं. ते डोक्यातल्यापेक्षा चांगलं होतं.

ती थांबली तेव्हा काका आपल्या गुडघ्याकडे बघत होते. त्यांच्या वाकड्या बोटांनी तिथे नसलेल्या तारा दाबून धरल्या होत्या.

"बरी आहे," दुकानदार म्हणाला. "तरी तारा सरळ केल्या तर मी तिन्ही…"

"ती विकली गेली," काका म्हणाले. "या दोघींचंही आज काही नाही. लिफ्ट चालू आहे, जिने उतरावे लागणार नाहीत."

दुकानदार गेला. काकांनी किमतीचा विषय काढला नाही. त्यांनी आपलं स्टूल उचलून तिच्यासमोर, अगदी तारांजवळ आणून ठेवलं आणि बसले.

"तो एक सूर चुकला होता," ते म्हणाले. "आता न चुकता ऐकव, पोरी."

तिने मान डोलावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता शेवट कुठे आहे ते तिच्या हाताला ठाऊक होतं.