साडूच्या अंगणातली माशी

बाकीच्या मधमाश्या मंदावल्यावर, ऐन थंडीत उडणारी, जमिनीत एकटीच बीळ खणून राहणारी ती रानमाशी आमच्या भागात आहे, एवढं सिद्ध करायला मी वर्षानुवर्षं पोटावर पडून विजारी झिजवल्या. आणि ती सापडली कुणाला? माझ्या साडूला. परवापर्यंत ह्या गृहस्थाला माशी आणि गांधील ह्यातला फरक कळत नव्हता.

लेकाचा औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिला घेऊन आला. "साडूभाऊ, ह्या अंगणभर भोकं पाडतायत. उद्या फरशी बसवणारे येतायत, गाडी उभी करायला. म्हटलं, आधी तुम्हाला दाखवावी."

बाटली मी फ्रीजमध्ये ठेवली. गारठली की माशी हलत नाही, नीट बघता येते.

"तिथे दूध असतं," बायको म्हणाली.

मग भिंग लावलं. मागच्या पायांवर दाट सोनेरी केस, डोळ्यांच्या कडेला मखमली पट्टे. तीच. माझा नुसता जळफळाट झाला. हा समोर बसून चहा फुरकत होता.

"साधीच आहे" एवढं म्हटलं की काम झालं. ना नोंद, ना ह्याचं नाव कुठे छापून येणार. हा माझा शब्द डोळे झाकून मानतो, तेच तर दुखणं. पण साधी म्हटली की उद्या फरशी, आणि बिळांतली पिल्लं फरशीखाली. मग मलाही ती पुन्हा दिसायची नाही.

बराच वेळ मी भिंग पुसत बसलो.

"फरशी बसवू नका," शेवटी म्हणालो. "दुर्मीळ आहे. नोंद तुमच्या नावाने करतो."

"भावजींनी नाव काढलं हो," बायको आतून म्हणाली. माझ्याबद्दल असं कधी म्हणाली नाही ती.

माशी आम्ही तिच्या बिळापाशी सोडून दिली. तेव्हापासून रोज दुपारी मी साडूच्या अंगणात पालथा पडून असतो. काल शेजारी कुंपणावरून डोकावले. साडू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ही माझी माशी. आणि हे आमचे साडूभाऊ, मला मदत करतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. काहीतरी चांगलं झणझणीत बोलणार, तोच बिळातून तिचं डोकं वर आलं, मातीने माखलेलं.

"जरा बाजूला व्हा," मी म्हणालो, "तिच्या दारावर तुमची सावली पडतेय."