केशवरावांची तिसरी डबी

काचीगुड्याच्या लॅबमध्ये केशवरावांनी शौचाच्या नमुन्याची तिसरी डबी टेबलावर ठेवली आणि नमुने तपासणाऱ्या राणीने कपाळाला हात लावला.

पहिली डबी त्यांनी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून आणली होती. दुसरी फिनाइलने धुतलेली. दोन्ही न तपासताच फेकाव्या लागल्या. अमीबा ताज्या, कोमट नमुन्यातच हलताना दिसतो, हे सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. केशवरावांच्या बायकोला, सुशीलाबाईंना, दोन महिने रक्ताचे जुलाब. आतड्याची सूज समजून डॉक्टर संध्याकाळपासून स्टेरॉइड सुरू करणार होते. पोटात अमीबा असला तर ते जिवावर बेतणार.

तिने झाकण उघडलं. आत अगदी घट्ट, निरोगी माणसाचं असतं तसं.

"काका, हे कुणाचं आहे?"

केशवराव कॅलेंडरकडे बघू लागले. "माझं."

"अन् आधीची दोन?"

"तीपण. हिला लाज वाटते, बाई. नवऱ्याच्या हाती हे कसं द्यायचं म्हणते. आमचं जेवण एकच, पाणी एकच. म्हटलं, एकाचं तपासलं की झालं."

धन्य ती जोडी! चाळीस वर्षं संसार केला, अन् लाज आत्ता आठवली. "ऑटो करा अन् काकूंना इथं घेऊन या," राणी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

तासाभरात सुशीलाबाई पदराने तोंड झाकून आल्या आणि लॅबच्या संडासात जाऊन आल्या. राणीने लगेच ताज्या नमुन्याची काच भिंगाखाली सरकवली. अमीबा सरपटत होता, पोटात रक्ताच्या तांबड्या पेशी गिळून. तिने डॉक्टरांना फोन लावला. स्टेरॉइड टळलं.

"माझी डबी आता टाकून द्या," केशवराव हलके होत म्हणाले.

पण राणीचा राग उतरला नव्हता. एवढी हौसेने आणलीय, तर बघतेच, म्हणून तिने आयोडिनचा थेंब टाकून तीही तपासली. गोल कोष, आत चार-चार ठिपके. अमीबाचेच. माणसाला काही त्रास न देता हे महिनोन्‌महिने पोटात राहतात आणि हातावाटे दुसऱ्याच्या ताटात जातात.

"घरी कोशिंबीर कोण करतं, काका?"

"मीच. रिटायर झाल्यापासून. हिला आवडते." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यामुळं?"

"तसंच दिसतंय."

"तिला सांगू नका, बाई."

"लपवालपवीत काकूंचा जीव जाणार होता, अन् आता तुमचं सुरू?" राणी वैतागली. "डॉक्टरांना कळवते, गोळ्या तुम्हालाही लागतील. जा, तुम्हीच सांगा."

ते बाहेर बाकावर बायकोशेजारी बसले.

"मलाही त्याच गोळ्या आहेत," एवढंच त्यांना बोलता आलं.

"बरं झालं," सुशीलाबाई म्हणाल्या. "मला एकटीला लाज वाटत होती."