डोंगराला पाजलेलं पाणी

कुस्तोदियानं मसूर भिजवायला ओट्यावरचा मातीचा घडा उचलला, तसे तिचे वडील इंदालेसिओ खुर्चीतून उठलेच.

"ते नको. नळाचं घे."

"बाबा, सात घडे भरून ठेवलेत. कुणाची पंगत बसणार आहे?"

"असू देत."

तिनं घडा होता तिथं ठेवला. आई ऑक्टोबरात गेली, त्यानंतर ती ग्रानादाहून काल पहिल्यांदाच गावी आली होती. पण तिला आत्ता बोलायचं होतं ते घड्यांबद्दल नव्हतं.

सकाळी झऱ्यावर शेजारच्या एन्ग्रासिया मावशीनं तिला गाठलं होतं.

"तुझ्या बापाला चार शब्द सुनाव. एप्रिल सरत आला, बर्फ वितळून धो धो समुद्राला चाललंय, आणि आमचा पाटकरी घरात बसलाय! बोलायला गेलं की म्हणतो, कधी ते मला कळतं. वर रोज इथून घडे भरून नेतो. ऑगस्टात या झऱ्याला थेंब राहिला नाही, तर माझे टोमॅटो काय त्याच्या मिशांवर पिकवू?"

"आज डोंगराला पाणी पाजू, मावशी."

"आज?"

"आजच."

गावापासून तासाभराच्या चढावर, पाटाच्या कडेला, खडकात एक भेग आहे. वसंतात पाटाचं दार मोडून बर्फाचं पाणी त्या भेगेत सोडायचं. डोंगर ते पोटात ठेवतो आणि उन्हाळ्यात सावकाश खालच्या झऱ्याला परत देतो. पाटाचं पाणी सांभाळायचं, पाटकऱ्याचं काम चाळीस वर्षं इंदालेसिओंकडे होतं, पण ते एक दार मात्र दरवर्षी त्यांची बायको आदोरासिओन मोडायची. तुझा हात जड आहे, म्हणायची, डोंगराला ठसका लागेल.

"चला बाबा, वर जाऊन येऊ."

"गुडघे धरलेत."

"मग मी एकटी जाते. फावडं कुठं आहे?"

"तुला काय येतंय त्यातलं? बस हाकणारी तू."

"चाळीस माणसं घेऊन घाट चढते मी रोज. माझ्यामागं एक म्हातारा सहज येईल."

ते पुटपुटत उठले. फावडं मात्र त्यांनी तिच्या हाती दिलं नाही. चढाला लागल्यावर गुडघ्यांचं दुखणं ते पार विसरले आणि तिच्या शहरी बुटांना नावं ठेवत पुढं चालू लागले. चेस्टनटांना नुकती पालवी फुटली होती. खाली गावाची सपाट धाबी आणि धुरांडी लहान लहान होत गेली.

पाट काठोकाठ भरून वाहत होता. भेगेकडे जाणारं दार दगड आणि गवताच्या ढेपांनी बुजवलेलं होतं, गेल्या वर्षी आदोरासिओननं बुजवलं होतं तसंच. इंदालेसिओ त्याच्यासमोर उभे राहिले. फावडं काही उचललं जाईना.

"बाबा, बर्फ फार तर पंधरा दिवस टिकेल."

"मला शिकवतेस?"

"मग मोडा की."

त्यांनी फावड्याचं टोक खाली गावाकडे वळवलं.

"आत्ता खाली झऱ्याला येतंय ना, ते गेल्या वर्षीचं आहे. तिनं सोडलेलं. हे नवं आत गेलं, की ते पुढं ढकललं जाईल. संपेल."

कुस्तोदियाला ओट्यावरचे सात घडे आठवले. बापाला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्या घरात तशी रीत नव्हती. ती दाराशी जाऊन उकिडवी बसली.

"आई इथं असती तर काय म्हणाली असती?"

इंदालेसिओंच्या मिशा हलल्या.

"म्हणाली असती, गाढवा, बर्फ काय तुझ्यासाठी थांबणार आहे?"

त्यांनी फावडं तिच्यापुढं धरलं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि हातानंच एक दगड काढला, मग दुसरा.

"हळू. आधी बारीक दगड."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"लहानपणी दरवर्षी तिच्या पाठीमागं उभी असायचे मी."

शेवटची ढेप निघाली आणि पाणी वळलं. भेगेतला पाचोळा आधी फुगला, गरगर फिरला आणि आत गेला. डोंगर घटाघटा पिऊ लागला. इंदालेसिओंनी टोपी काढली आणि थोड्या वेळानं पुन्हा घातली.

ते दोघं उतरून गावात आले, तेव्हा एन्ग्रासिया मावशी आपल्या दारातच उभी होती.

"पाजलं?"

"पाजलं," इंदालेसिओच बोलले. "म्हटलं नव्हतं, कधी ते मला कळतं?"

मावशीनं कुस्तोदियाकडे बघून डोळे फिरवले.

घरी आल्यावर कुस्तोदियानं मसुराचं पातेलं नळाखाली धरलं. इंदालेसिओंनी हात लांब करून नळ बंद केला. ओट्यावरचा पहिला घडा दोन्ही हातांनी उचलला आणि पातेल्यात ओतला, सांडू न देता.

"नळाच्या पाण्यात दाणा शिजत नाही, म्हणायची ती."

घडा रिकामा झाला. त्यांनी तो भिंतीशी पालथा घातला आणि उरलेल्यांकडे बघितलं.

"सहा राहिले. रविवारपर्यंत आहेस ना?"