प्रभाकाकींचा भाडेकरू

लालबागच्या प्रभाकाकींनी खानावळीत हयात घालवून साठवलेल्या पैशांतून घर घ्यायचं ठरवलं, तेही राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. पुतण्या राजेश त्यांना बिल्डरच्या गाडीतून कर्जतच्या पुढे घेऊन आला. स्विमिंग पूल पाहून झाला, सॅम्पल फ्लॅट पाहून झाला. बुकिंगचा चेक लिहायची वेळ आली, तेव्हा काकी उठल्या आणि थेट गेटवरच्या किराणा दुकानात गेल्या.

"दूध किती खपतं रे तुझं?"

"आठ-दहा पिशव्या, मावशी. त्यातल्या निम्म्या वॉचमन लोकांच्या."

काकींनी मान वर करून ते चार टॉवर पाहिले आणि चेकबुक पर्समध्ये टाकलं.

"काकी, दोन वर्षांत भाव डबल होईल!" राजेश मागून धावत आला.

"होऊ दे. मला भाडेकरू हवाय. आपल्या खानावळीजवळ घोडपदेवच्या चाळीत ती खोली विकायला आहे ना, ती घेते मी. माझ्याकडे जेवायला येणाऱ्या नर्सा सारख्या विचारतात, काकी, जवळपास जागा आहे का म्हणून."

"त्या चाळीत? लिफ्टसुद्धा नाही. लोक हसतील आपल्याला."

"तुला हसतील. मला हसले तर जेवतील कुठे?"

राजेश चिडला. "बुकिंग नाही केलं तर परतीची गाडी मिळणार नाही. आणि इथे रिक्षा येत नाही, सांगून ठेवतो."

"रिक्षा यायला तयार नाही, तिथे माझा भाडेकरू येणार होय रे?" असं म्हणून काकी भर उन्हात स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.