ईश्वरची बदली

खापर गावच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, 'सर्व ऑनलाइन फॉर्म अचूक भरून मिळतील.' त्यातला 'अचूक' हा शब्द माझा. पेंटर नको म्हणत होता, जागा पुरत नव्हती. मी म्हटलं, फोन नंबर बारीक कर, पण हा शब्द बसव. अर्धवट फॉर्म भरणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

ईश्वरचा फॉर्म मीच भरला होता. डोंगरातल्या करमसिंग आणि दिवलीबाईचा थोरला, आयटीआय झालेला, सरळ पोरगा. सुरतेच्या कुठल्याशा एजंटने परदेशात 'हेल्पर'चं काम आहे म्हणून सांगितलं होतं. गोदामात सामान उचलायचं, स्वयंपाकघरात मदत करायची. करारनामा तिकडच्या भाषेत होता. मी मोबाइल धरून त्याचं भाषांतर केलं, तेव्हा 'विशेष मोहिमेत मदतनीस' असं काहीतरी आलं. मी म्हटलं, ठीक आहे, मदतनीस म्हणजे हेल्परच. एजंटने पासपोर्ट, आधार आणि फोटो एवढंच मागितलं होतं. मी वर रेशन कार्डाचीही प्रत जोडली. न मागता. उगाच पुढे कटकट नको म्हणून.

दोन महिन्यांनी ईश्वरने व्हिडिओ पाठवला, त्यात तो लष्करी कपड्यांत होता. हातात बंदूक होती आणि मागे चिखलात खणलेला चर.

त्या देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नकाशा उघडून कुणाची बाजू खरी यावर बोलू लागतात, आणि पोरगा बाजूला राहतो. चार वर्षं झाली त्या लढाईला. टीव्हीवर रोज बाण दाखवतात, अमुक किलोमीटर पुढे, तमुक किलोमीटर मागे. ईश्वर एकदा फोनवर म्हणाला होता, आठ दिवस लढून झाडांची एक रांग घेतली, नवव्या दिवशी परत दिली. त्यात त्याच्या बरोबरची अकरा माणसं गेली. झाडं कसली होती, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तर एका बाजाराच्या दिवशी करमसिंग दुकानात आला. धुतलेला शर्ट, केसांना तेल. मला वाटलं, कुठे लग्नाला निघालाय.

"शेठ, एक अर्ज लिखी दे," तो म्हणाला. "बदलीना."

"कुणाची बदली?"

"ईश्वरनी. त्यान्या जागावर मी जास. त्याले घर येऊ द्या."

घरी ते त्यांची भिली बोलतात, माझ्याशी बाजारातली अहिराणी. शब्द समजायला वेळ लागला नाही, अर्थ समजायला लागला. करमसिंगने पंचवीस वर्षं बारडोलीकडे ऊस तोडलाय. तिथे टोळीतला एखादा आजारी पडला, की घरचा दुसरा माणूस त्याच्या जागी जाऊन उभा राहतो. मुकादम नाव बदलून घेतो आणि पहिला घरी येतो. त्याला ते बदली म्हणतात. ईश्वरच्या वेळी दिवलीबाई बाळंत झाली, तेव्हा करमसिंगचा भाऊ असाच बदलीवर गेला होता.

मी चिडलो. "करमसिंगदादा, ती उसाची टोळी नाही, फौज आहे. तिथे असं चालत नसतं."

"माणूस ते माणूसच लागस ना त्यासले? मी थकेल नही. त्यान्यापेक्षा जास्त उचलस मी."

"तिथे गोळ्या लागतात माणसाला."

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनू," तो शांतपणे म्हणाला. "मन्हं बरंच जगणं व्हई गयं."

मी अर्ज लिहिला. माझ्या मुलाऐवजी मला ठेवून घ्यावे, मी निरोगी आहे, मला ओझी उचलण्याची सवय आहे. त्याने अंगठा न देता सही केली, एकेक अक्षर कोरत. मी तो तिथल्या आपल्या वकिलातीला पाठवला, दिल्लीला परराष्ट्र खात्याला पाठवला. दिल्लीहून एका बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, परक्या देशातल्या सैन्यातल्या बदल्या आमच्या हातात नसतात. विषयात 'बदली' वाचून त्यांना वाटलं, पोराला जवळचं ठिकाण हवंय. मी समजावून सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, परत आणायच्यांच्या यादीत त्याचं नाव घेते. यादी मोठी आहे.

"मुकादमले इचारं का?" करमसिंगने पुढच्या बाजारी विचारलं. मुकादम म्हणजे एजंट. त्याला न विचारता बदली कशी होईल, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं नव्हतं, पण दुसरा रस्ता तरी कुठे होता? मी एजंटलाही अर्ज पाठवला. हे मी करायला नको होतं.

त्याच आठवड्यात ईश्वरचा फोन आला, माझ्याच मोबाइलवर. बापाचा लागत नव्हता म्हणून.

"पुनीतभाऊ, बाले येऊ देऊ नको," तो म्हणाला. "आठे बदली व्हस. मरस तव्हय व्हस. मन्हा जॅकेटवर दुसरानं नाव शे. ते धुवावरबी जात नही."

तिथल्या कुणा मेलेल्याचं जॅकेट घालून तो बोलत होता. मी विचारलं, जेवलास का. फोन तुटला. त्यानंतर तो लागला नाही.

एजंटचं उत्तर मंगळवारी आलं, आवाजाचा मेसेज. गोड आवाज, मागे कुठेतरी गाणं चालू. "काकांचं वय बसत नाही हो. पण घरात शिवाजी आहे ना, एकोणीसचा? त्याला पाठवा. तो पोचला की मोठ्याच्या सुट्टीचं मी बघतो."

शिवाजी हे नाव त्याला कुणी सांगितलं? मी दोन मिनिटं विचार करत बसलो. मग आठवलं. रेशन कार्ड. करमसिंग, दिवलीबाई, ईश्वर, शिवाजी, प्रत्येकापुढे वय. स्वच्छ झेरॉक्स, मी स्वतः काढलेली.

मी मेसेज पुसून टाकला. करमसिंगला एवढंच सांगितलं, की वय बसत नाही. त्याला ते फार लागलं. दुकानासमोर माझ्या कागदाच्या रिमांचे चार खोके पडले होते. ते त्याने एकदम उचलले, आत आणून ठेवले आणि निघून गेला.

मला वाटलं, मी एक पोरगा वाचवला. तीन दिवस मी त्या समाधानात होतो. एवढा मूर्ख मीच.

शुक्रवारी सकाळी शटर वर करतोय तोच शिवाजी उभा. हातात प्लॅस्टिकची फाइल. एजंटने त्यालाच फोन केला होता.

"पासपोर्टना फॉर्म भराना शे."

"सर्व्हर बंद आहे."

तो हसला. भावासारखंच हसतो, एका बाजूने. "तुमनं सर्व्हर बंद ऱ्हाई ते अक्कलकुवानं चालू ऱ्हाई."

मी त्याला आत बसवलं. सगळं सांगितलं, जॅकेटवरच्या नावापर्यंत. तो माणूस खोटं बोलतोय, ईश्वर सुटणार नाही, तूही अडकशील, असं दहा वेळा म्हणालो. त्याने नीट ऐकून घेतलं.

"आई रोज त्यानं ताट वाढस," तो म्हणाला. "बा रोज इचारस, अर्जनं काय झायं. मी घरमा बशीसन काय करू? खोटं ऱ्हाई ते ऱ्हाई. पन खरं निंघनं ते?"

मग त्याने फाइल काखेत मारली आणि अक्कलकुव्याच्या नऊच्या गाडीला हात केला. घरी सांगून आलास का विचारलं, तर मान हलवली. ती होय होती की नाही, ते कळलं नाही. गाडीच्या मागे धावायचं माझ्या मनात आलं. मी उभाच राहिलो.

दुपारी दिवलीबाई आली. डोंगरातून चालत, एकटी. एजंटचा फोन घरात तिने ऐकला होता, शिवाजीचं नाव त्यात दोनदा आलं एवढं तिला पुरेसं होतं. तिने पदराची गाठ सोडली आणि रेशन कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"यामाईन शिवाजीनं नाव काढी टाक. कागदवर नाव शे म्हनीसन त्या बलावतस."

मी साइट उघडली. नाव कमी करण्याचं कारण निवडायचं होतं. विवाह, स्थलांतर, मृत्यू. मी तिला वाचून दाखवलं.

"मृत्यू टाक," ती म्हणाली. "मरेल माणूसले कोन बलाई?"

मी मृत्यूवर क्लिक केलं. खाली ओळ आली, दाखला जोडा. दाखला कुठून आणायचा? आणि नाव निघालं असतं तरी काय? ती प्रत वर्षभर एजंटकडे पडलेली. हे तिला समजावायला हवं होतं. ती माझ्याकडे बघत होती, डॉक्टरकडे बघतात तशी.

मी पट्टी घेतली, निळा पेन घेतला. कार्डावरच शिवाजीच्या नावावर रेघ मारायला लागलो. असं करायचं नसतं. कार्ड बाद होतं त्याने. तिने एकदम माझा हात धरला.

"ईश्वरनं कोनतं?"

मी बोट ठेवून दाखवलं. वरची ओळ.

"त्याले धक्का लागू देऊ नको. तो जेवाले यी."

मी पट्टी आणखी खाली सरकवली आणि सावकाश रेघ मारली. एवढी सरळ रेघ मी आयुष्यात मारली नसेल. तिने कार्ड उजेडात धरून पाहिलं, फुंकर घालून शाई वाळवली, आणि विचारलं, "आते नही ना लई जावाव त्याले?"

"नाही," मी म्हणालो.

ती उठली. शिवाजी रानात गेलाय, भाकरी घेऊन जायचीय, म्हणाली. नऊच्या गाडीचं मी तिला सांगितलं नाही.